बारावं नाव

दर रविवारी सकाळी हवालदार तायडे वलगावच्या चावडीपुढल्या दगडाची हजेरी घेत. लढाईत कामी आलेल्या गावच्या अकरा शिपायांची नावं त्या दगडावर होती. तायडे सावधान उभे राहून एकेक नाव पुकारत आणि स्वतःच उत्तर देत, ‘हाजर, साब.’ अकरा झाले की बारावं नाव घेत, ‘शिपाई शेख करीम.’ ते दगडावर नव्हतं.

मी तेव्हा अमरावतीहून नुकताच बदलून आलेला मास्तर, त्यांचा शेजारी. ‘हा बारावा कोण?’ असं विचारलं तर म्हणाले, ‘खोदणाऱ्याले दिसला नाई.’

बर्माच्या लढाईत त्यांनी खेचरं हाकली होती. आता गाव हाकत. म्हशीला ‘थम’ म्हणत आणि ती खरंच थांबे. न्हाव्याच्या ओट्यावर गिऱ्हाइकांना उंचीप्रमाणे बसवत. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज लिहायला मला धरलं. पहिलाच अर्ज परत केला. ‘मास्तर, तुमचा उकार लाइन तोडून राहिला. पुन्हा लिहा.’ चार वेळा लिहिला. मागणी एकच : करीमचं नाव दगडावर यावं.

उत्तर आलं. सदर शिपाई आघाडीवरून गैरहजर होता, सबब नाव घेता येत नाही.

तायड्यांनी कागद दोनदा वाचून घेतला. मग ओट्यावर बसून सांगू लागले. नदीवरून मागं हटायचा हुकूम झाला होता. करीम पुन्हा पलीकडं गेला, एका जखमीला खांद्यावर घेऊन आला. दुसऱ्यासाठी गेला तो आलाच नाही. पलटणीच्या साहेबानं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी गैरहजर लिहिलं.

‘असं का?’

‘त्यानं आमा दोघाले एकदा तंबूत पाह्यलं होतं.’ मग ते म्हणाले, ‘लोकं दोस्त म्हणत. दोस्त नव्हतो आमी, मास्तर. आमचा संसार होता.’

मी पंचविशीतला. असलं कुणी इतक्या सरळ सांगितलेलं कधी ऐकलं नव्हतं. टाकाची निब पुसली आणि विचारलं, ‘अर्जात काय लिहू?’

‘त्याची बहादुरी लिहा. बाकीचं माह्यापाशी आहे.’

साक्षीदार हवा होता. तो वाचलेला जखमी, मोतीराम, शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागेत कामाला होता. दोनदा त्यानं आम्हाला बघून पाठ फिरवली. तिसऱ्यांदा पेट्या भरता भरता म्हणाला, ‘हवालदार, लोकं मले विचारतीन, तू बी त्यायच्यातलाच का?’

‘तू त्याच्या खांद्यावर होता,’ तायडे म्हणाले. ‘तेवढंच सांग.’

मोतीरामनं हातातलं संत्रं पुसून पेटीत ठेवलं. मग म्हणाला, ‘आन कागद.’ सही करण्याआधी त्यानं आपल्या हातानं एक ओळ वाढवली : त्यानं मले आणलं नसतं तर माही तीन लेकरं नसती. तिथला एकही उकार ओळीत नव्हता. तायड्यांनी कागद तसाच घडी करून खिशात ठेवला.

वर्षभरानं हुकूम आला. गैरहजेरीचा शेरा रद्द. शिपाई शेख करीम लढाईत कामी आला. तायड्यांनी तो मला तीनदा वाचायला लावला, आणि ‘रद्द’ जरा खणखणीत म्हणा म्हणाले.

नाव कोरलं त्या दिवशी अख्खा गाव चावडीपुढं होता. अकोल्याहून करीमची थोरली बहीण हमीदाबी आली होती. तहसीलदारांनी विचारलं, ‘कापड कोण काढणार? घरचं माणूस पुढं या.’

हमीदाबी जागची हलली नाही. तायड्यांकडं बघून म्हणाली, ‘भाई, तुम जाओ. घर के तो तुमच हो.’

तायडे पलटणीच्या चालीनं चार पावलं गेले आणि कापड ओढलं. पहिली टाळी मोतीरामची. मग सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या थांबेनात.

लोक पांगल्यावर हमीदाबी तायड्यांच्या शेजारी ओट्यावर येऊन बसली. ‘करीम हर खत में एकच बात लिखता था,’ ती म्हणाली. ‘तायडे बराबर खाना नहीं खाता. अब खाते ना?’

एकट्यासाठी चूल पेटवायच्या कंटाळ्यानं हा माणूस सकाळचीच भाकर संध्याकाळी खातो, हे मला ठाऊक होतं.

‘खातो ना,’ असं म्हणून तायड्यांनी तोंड दुसरीकडं केलं.

‘झूठ,’ हमीदाबी म्हणाली. तिनं पिशवीतला डबा उघडून त्यांच्यापुढं सरकवला, आणि तो रिकामा होईस्तोवर ती तिथून उठली नाही.