रेषेखाली काहीही लिहू नये

मुरुडच्या मल्लिनाथला स्वतःच्या डोक्याने काही करायचे म्हटले की घाम फुटे. शाळेत ‘माझी आई’ हा निबंधही त्याने गाइडातून पाठ करून लिहिला होता. त्यामुळे कागदोपत्री त्याची आई पुण्यात शिक्षिका होती. प्रत्यक्षात त्याची आई गंगम्मा गावात किराणा दुकान चालवायची. लातूरच्या एका समुपदेशकाने दीडशे प्रश्न विचारून निदान केले, “नवं सुचणं शून्य, नेमून दिलेलं करणं शंभर टक्के. असा माणूस सरकारी टेबलासाठीच जन्माला येतो.”

उदगीरच्या अंजूवर त्याचा जीव होता. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट तो कुणाला न विचारता करून बसला होता. तिचे वडील सिद्रामप्पा म्हणाले, “नोकरीची ऑर्डर दाखवा, मग तारीख धरू.”

यथावकाश एका कार्यालयात पडताळणी लिपिकाची भरती निघाली. उत्तरपत्रिकेवर ‘या रेषेखाली उमेदवाराने काहीही लिहू नये’ अशी सूचना होती. छापखान्याच्या चुकीने ती रेष पानाच्या तळाऐवजी माथ्यावर आली होती. आठशे उमेदवारांनी रेषेखाली धडाधड उत्तरे लिहिली. मल्लिनाथ तीन तास हाताची घडी घालून बसला. सूचना पाळणारा तो एकटाच निघाल्याने त्याची निवड झाली. सिद्रामप्पांनी पेढे वाटले, तारीख धरली.

रुजू होताच पहिली फाईल टेबलावर आली ती त्याचीच. नव्या कर्मचाऱ्याची निवड नियमाप्रमाणे झाली का, हे तपासणे पडताळणी लिपिकाचे काम. त्याने उत्तरपत्रिका उघडली. कोरी! नियम सव्वीस : कोरी उत्तरपत्रिका देणारा उमेदवार अपात्र. अंजूचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण नियमात अंजू कुठेच नव्हती. त्याने ‘अपात्र’ असा शिक्का मारून खाली सही केली.

कार्यालयाचे प्रमुख शेषेराव साहेब धावत आले. “अरे बाबा, सोताच सोताला काढून राहिलास? डोकं ठिकाणावर हाय का?”

“डोकं वापरलंच न्हाई, साहेब,” मल्लिनाथ नम्रपणे म्हणाला.

अपात्र माणसाची सही चालत नाही, म्हणून त्याला काढता येईना. काढले नाही तर त्याची सही चालते, म्हणून ठेवताही येईना. मार्गदर्शन मागवणारे पत्र वर गेले. उत्तर येईपर्यंत मल्लिनाथने खुर्ची सोडू नये व काम करू नये, असा लेखी आदेश निघाला. त्याच्या खिडकीबाहेर दाखले पडताळून घ्यायला आलेल्यांची रांग वाढत जिन्यापर्यंत गेली.

लग्न पंधरा दिवसांवर आले तेव्हा अंजू तरातरा खिडकीशी आली. “आवो, आप्पा लगीन मोडायलेत! उठा, दोघं मिळून तुमच्या आईचं दुकान बघू.”

मल्लिनाथचे डोळे भरून आले. “अंजू, माझं बी लई मन हाय. पण रांगेतून ये.”

ती रांगेवर उखडली. “ह्यो मानूस काम करत न्हाई, ठावं हाय ना? मग कशाला हुबे?”

“हाव, ठावं हाय,” सगळ्यांत पुढच्या तुळजाबाई म्हणाल्या. “पर पुढचे कटाळून गेले, तवा आठ दिवसांनी पयला नंबर लागलाय. आता सोडू व्हय? तू मागून ये, माय.”

अंजू जिना उतरून रांगेच्या शेपटाशी गेली. पुढची डोकी मोजू लागली. मग तिच्या मागे आणखी एक माणूस येऊन उभा राहिला आणि तिला जरा बरे वाटले.

तुम्ही असता तर त्या खिडकीवर दगडच घातला असता, हे आम्हाला ठाऊक आहे. फक्त दगड शोधायला जाताना रांगेत चप्पल ठेवून गेला असता.