घर उपाशी हाय

आमच्या गल्लीतले दिगंबरकाका कुणाच्याही घरी गेले की दार वाजवत नाहीत, हाक मारत नाहीत. उंबरठ्याच्या आत एक पाय ठेवतात, एकच टाळी वाजवतात आणि घरमालकाच्या तोंडाकडं पाहतात. मग निकाल देतात. घरात गाद्या, पडदे, कपड्यांचा पसारा असेल तर, "बराबर." नसेल तर, "घर उपाशी हाय. आवाज खायला काई न्हाई."

एकदा ते कोपऱ्यावरच्या घरी दुखवट्याला गेले. माणसं खाली मान घालून बसलेली. काकांनी उंबरठ्यावर टाळी वाजवली, सगळ्यांची तोंडं पाहिली आणि म्हणाले, "सामान लई लवकर काढलं तुमी." तेव्हापासून त्या घरचे लोक काकांना पाहिलं की दुसऱ्या बाजूनं जातात. काकांना वाटतं, त्यांच्याकडं अजून सोफा आलेला नाही.

आखाडा बाळापूर गावात काकांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. तीस वर्षं पंचक्रोशीतली लग्नं त्यांच्या भोंग्यांवर लागली. नंतर डीजे आले. काका म्हणाले, "त्यो आवाज न्हाई, मार हाय," आणि सगळा संच विकून हिंगोलीत राहायला आले. सोबत काकू होत्या. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही.

मी कचेरीत कारकून. माझी बायको सुनीता घरी हळद दळून ऑनलाइन विकते. हिंगोलीत हळद विकणं म्हणजे नदीकाठी पाणी विकणं, म्हणून ती पुण्याच्या बायकांना विकते. त्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ करते. मागच्या पावसाळ्यात तिनं एक झकास व्हिडिओ केला. पिवळी साडी, पिवळी पार्श्वभूमी, पिवळी हळद. शेवटी ती कॅमेऱ्यात पाहून विचारते, "आमच्या पुड्यात काय काय असतं?" आणि थोडं थांबते. तेवढ्यात गल्लीतून भंगारवाला गेला. तिच्या प्रश्नाला त्यानं भोंग्यावरून सविस्तर उत्तर दिलं, "भंगाऽर, रद्दी, जुना पत्राऽ!"

तपासायचं काम माझं होतं. मी तो कचेरीत पाहिला, आवाज बंद करून. चित्र फर्स्टक्लास होतं. लगेच नेटवर टाकला.

खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, "यादी खरी दिल्याबद्दल आभार." तीन दिवसांत तो व्हिडिओ लोकांनी एकमेकांना इतका पाठवला की सुनीतेचं नाव झालं आणि मागणी बंद पडली. ती हसण्यावारी नेत होती, पण दळलेली हळद तशीच पडून होती आणि तिनं दोन दिवस गिरणी चालू केली नाही. तिचा धंदा राहतो की बसतो, असा प्रश्न होता.

काका आले. टाळी वाजवली. "उपाशी!" म्हणाले. मग मला समोर बसवून समजावलं. "भाऊसाहेब, चित्राकडं काय पाहून राहिले? चित्र वाईट असलं तर मानूस डोळे बारीक करतो. आवाज वाईट असला तर उठून जातो. वस्तू बी तशीच वाटते त्याला. फाटका आवाज, फाटका माल. डोळा फसतो, कान फसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते खांद्यावर चार वाकळी, म्हणजे गोधड्या, घेऊन आले. काकूंनी हातानं शिवलेल्या, जुन्या लुगड्यांच्या. पेटीतून काढलेल्या. "आवाजाला वाकळ पायजे, सूनबाई. उघडा आवाज थंडीनं कापतो." वाकळी चारी भिंतींवर टांगल्या. पंखा बंद. मला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं, भंगारवाला अडवायला. सुनीता घामाघूम होऊन बोलत होती आणि काका कानाला मोठे इअरफोन लावून, डोळे मिटून मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "एकदम कोरडा. सुईबी पडली न्हाई."

संध्याकाळी आम्ही ऐकलं. तिचा आवाज खरंच कानाशी बसून बोलल्यासारखा आला होता. आणि मधोमध शेजारच्या वहिनींच्या कुकरच्या तीन शिट्ट्या.

"मला ऐकू आल्या होत्या," सुनीता म्हणाली. "मी काकांकडं पाहिलं. ते मान डोलवत होते. मला वाटलं, यंत्रात येत नसतील."

तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "त्यांना सांगायचं नाही हं."

रविवारी काका औंढ्याला दर्शनाला गेले, तेव्हा त्याच वाकळींत, वहिनींना कुकर लावू नका म्हणून विनवून, आम्ही पुन्हा सगळं केलं. तो व्हिडिओ टाकला. आठवड्यात पुण्याहून मागणी सुरू झाली. बायका लिहीत होत्या, ताई, समोर बसून बोलल्यासारखं वाटतं. गिरणी पुन्हा चालू झाली. सुनीतेनं काकांना पेढे दिले.

काकांनी पेढा तोंडात टाकला आणि व्हिडिओ मागितला. इअरफोन लावले. यावेळी डोळे मिटले नाहीत. शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशी हातात हिरव्या बांगड्या व्हत्या. ह्या लाल हायत."

चित्राकडं कधी न पाहणाऱ्या माणसानं चित्रावरून आमची चोरी पकडली.

"काय व्हतं त्याच्यात?"

"कुकर, काका," मी म्हणालो. "एक शिट्टी."

"एकच?"

"तीन."

काकांनी इअरफोनची वायर सावकाश गुंडाळली. "डावा कान तर बाळापुरातच गेला, भोंग्याखाली. उजवा आता जाऊन राहिला. टाळी घरासाठी वाजवत न्हाई मी, भाऊसाहेब. अजून ऐकू येते का, ते पाहतो. न्हाई आली तर समोरच्याच्या तोंडावरून समजून घेतो."

चहा न घेता गेले. त्यानंतर आठ दिवस गल्लीत टाळी वाजली नाही. मला रोज चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. आमचं खोटं चांगल्या मनाचं होतं, पण त्या खोट्यानंच त्यांचं पितळ उघडं पाडलं, याची लाज वाटत होती.

नवव्या दिवशी मी वाकळी घडी घालून त्यांच्याकडं गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. दार उघडं होतं. एक खाट, एक पेटी, कोऱ्या भिंती. काका खाटेवर बसलेले. मी उंबरठ्यावर एक टाळी वाजवली. ती चारी भिंतींवर आपटून परत आली.

काकांनी माझ्या हातांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"काय म्हनलं घर?"

"उपाशी हाय, काका."

"व्हय," काका म्हणाले. "तीन वर्सं झाली."

मी वाकळी पेटीवर ठेवल्या. त्यांना ओठ दिसतील असा समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "सुनीतानं विचारलंय, उद्या नवा व्हिडिओ हाय. बांगड्या कोणत्या घालू?"

"हिरव्या," काका म्हणाले आणि खाटेखाली चपला शोधू लागले.