ऑरिनने बाईंना गाडीपर्यंत सोडलं

नियम कसे पाळायचे हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने सरळ माझ्याकडे यावं! मी मार्लिस क्वाम. साउथ डकोटा राज्य संपून मिनेसोटा सुरू होतं, त्या टोकावरच्या सरकारी दवाखान्यात मी एकवीस वर्षं काढली आहेत. पडद्यावरून मनाचे उपचार करण्याची सरकारी योजना आली, तेव्हा तिच्याबरोबर नियमांची चौऱ्याऐंशी पानं आली. आमच्या डॉक्टरांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि ते मासे पकडायला गेले. मी ती वाचली. दोनदा! तळटीपांसकट!

त्यातले पहिल्या भेटीचे तीन नियम तुम्हाला सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी काय अवस्था झाली ते कळेल. एक, बोलणं निदान सोळा मिनिटं चाललं पाहिजे. दोन, ऐकू येईल इतक्या अंतरावर तिसरं माणूस नको. तीन, रुग्ण आपल्याच राज्यात, म्हणजे साउथ डकोटात, हवा, कारण समुपदेशक बाईंचा परवाना आपल्याच राज्याचा. यातला एक जरी मोडला तर पडद्यावरची फाइल बंद! मग रुग्णाने एकशे दहा मैल गाडी हाकत शहरात जायचं आणि तिथे समोर बसून बोलायचं.

आणि ऑरिन ट्वेट शहरात जाईल? ऑरिन कॅफेपर्यंत येईना!

ऑरिन शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होता. नोव्हेंबरात त्याची बायको आर्लीन गेली आणि त्याने एकेक करून सगळं बंद केलं. चर्च बंद, कॅफे बंद, फोन उचलणं बंद. फेब्रुवारीत गुरंसुद्धा विकली. मी दर रविवारी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन जायची. तो चार बोटं दार उघडायचा, भांडं आत घ्यायचा, "बरंय" म्हणायचा आणि दार लावायचा. दुसऱ्या दिवशी घासलेलं भांडं पायरीवर. मला भीती वाटायला लागली होती. खरीखुरी भीती.

शेवटी एका रविवारी मी दारात पाय घातला.

"ऑरिन, तुला कुणाशी तरी बोलायला हवं."

"कशाबद्दल?"

"आर्लीनबद्दल!"

"ती गेली."

"अरे, म्हणूनच ना!"

त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. "एकदा," तो म्हणाला. "फक्त एकदा. त्यानंतर परत विचारायचं नाही."

बास! एक संधी मिळाली होती आणि ती माझ्यासारख्या बाईच्या हातात होती. फसेल कशी?

समुपदेशक बाई होत्या डेझिरे मोंटोया. अ‍ॅरिझोनातून शहरात येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. भेटीच्या आदल्या दिवशी फोनवर मी त्यांना चौऱ्याऐंशी पानं पुन्हा समजावून दिली.

"बाप रे, तुमची तयारी जबरदस्त आहे," त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल आणखी काही माहीत असायला हवं का?"

"काही नाही!" मी म्हटलं. "सगळं नियमात आलंय!"

इथेच मी माती खाल्ली. पण ते मला तेव्हा कळलं नाही.

एप्रिलातला गुरुवार होता. बर्फ वितळून अंगणाचा नुसता राडा झाला होता. मी ऑरिनच्या स्वयंपाकघरात टेबलावर टॅब मांडला, चालू केला, आणि बाईंचा हसरा चेहरा आला.

"मिस्टर ट्वेट, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"स्वयंपाकघरात."

"म्हणजे कुठल्या राज्यात?"

ऑरिनने माझ्याकडे असं पाहिलं, की ही बाई ठीक आहे ना? "साउथ डकोटा."

"एकटेच आहात?"

"मार्लिस आहे."

"ती निघाली!" मी ओरडले आणि धूम ठोकली.

माझी गाडी मी गोठ्याशेजारी, घरापासून चांगल्या साठ पावलांवर लावली होती. काचा वर केल्या, घड्याळ मांडीवर ठेवलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे डोळे लावून बसले. अकरा मिनिटांत ऑरिनचे ओठ दोनदा हलले. दुसऱ्या वेळी तो कॉफी पीत होता. 'पाच मिनिटं,' मी मनात म्हणत होते, 'अजून पाच मिनिटं कशीबशी काढ रे बाबा! हवामानावर बोल! ट्रॅक्टरवर बोल!'

तेवढ्यात त्याने दोन्ही हात मांड्यांवर आपटले आणि तो उठला.

झालं! आमच्याकडे मांडीवर हात आपटला, की भेट संपली. "बरं, मग..." म्हणायचं आणि उठायचं. बाईंनी बिचाऱ्यांनी विचारलं असणार, आज इथेच थांबू या का? आणि यानेही सुटकेचा निःश्वास टाकला असणार. अकरा मिनिटं! फाइल बंद! ऑरिन बंद!

पण दार उघडलं आणि ऑरिन बाहेर आला. हातात टॅब, ताटलीसारखा छातीशी धरलेला. दुसऱ्या हातात रुबार्बच्या, म्हणजे आमच्याकडच्या आंबट देठांच्या, मुरंब्याची बरणी. मी गाडीतून उडी टाकून धावले, आणि पडद्यावरच्या बाईंचा आवाज ऐकू आला.

"मिस्टर ट्वेट, मला कुठे नेताय?"

"गाडीपर्यंत सोडतो," ऑरिन म्हणाला.

मी जागच्या जागी थिजले. अगं मार्लिस, चौऱ्याऐंशी पानं पाठ केलीस आणि आपल्याच माणसांचा सगळ्यात मोठा नियम बाईंना सांगायला विसरलीस! आमच्याकडे पाहुणा खुर्चीत बसलेला असताना कुणी काही बोलत नाही. "बरं चाललंय", "वाईट नाही", संपलं. बोलणं सुरू होतं ते निरोप घेताना! दारात अर्धा तास, पायऱ्यांवर वीस मिनिटं, आणि गाडीच्या खिडकीत कोपर टेकलं की मग तर विचारूच नका. माझी दोन लग्नं गाडीच्या खिडकीत ठरली आहेत, आणि त्यातलं एक मोडलंही तिथेच.

आणि ऑरिन बोलायला लागला होता.

"चाळीस वर्षं माझ्या वाटचं तीच बोलायची हो," तो पायऱ्या उतरताना सांगत होता. "मी नुसती मान हलवायचो. लोकांना वाटायचं, मीच बोललो. आता कुणी काही विचारलं ना, की मी अजून डावीकडे बघतो."

मला हुंदका आला आणि त्याच क्षणी नियम क्रमांक दोन आठवला. ऐकू येईल इतक्या अंतरावर तिसरं माणूस! मी दोन्ही कानांत बोटं खुपसली. आणि मग नियम क्रमांक तीन आठवला! अंगणात चिखल असला की पाहुणे गाडी बाहेर खडीच्या रस्त्यावर लावतात. ऑरिन सवयीने तिकडेच निघाला होता. आणि त्या रस्त्याच्या बरोबर मधून राज्याची हद्द जाते! ऑरिनचं घर साउथ डकोटात आणि त्याची टपालपेटी मिनेसोटात! रस्त्यावर गाडी दिसली नाही की हा शोधत पलीकडे जाणार, मन मोकळं करत करत परराज्यात पोचणार!

ओरडावं, तर भेटीत तिसरं माणूस. हात धरून थांबवावं, तर त्याचं बोलणं तुटणार, आणि तुटलं की ते पुन्हा जुळायचं नाही. मग एकच उपाय उरला. माणूस गाडी शोधतोय ना? त्याला गाडी देऊ!

मी गाडीकडे धावले. कानांत बोटं घालून चिखलात धावणं हे सोपं काम नाही. एकदा पडले, पण बोटं काढली नाहीत! मग मात्र दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, मोठमोठ्याने चर्चमधलं गाणं म्हणत, म्हणजे कानांत दुसरं काही शिरायला नको, मी गाडी अशी सुसाट काढली की गोठ्याच्या भिंतीवर चिखलाचा सडा पडला. ऑरिनच्या आधी फाटकातून बाहेर, उजवीकडे वळण, आणि रस्त्याच्या मधोमध करकचून ब्रेक! गाडीचं उजवं दार साउथ डकोटात, डावं मिनेसोटात.

"ही बघा तुमची गाडी," ऑरिन म्हणाला असावा. मला ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा उजळलेला दिसला. त्याने दार उघडलं, बाईंना शेजारच्या आसनावर नीट टेकवून ठेवलं, पट्टा बांधला आणि मुरंब्याची बरणी त्यांच्याजवळ ठेवली. (रुग्णाकडून भेटवस्तू घेऊ नये, पान एकसष्ट. पण ते नंतर बघू!) काच खाली केली, दार लावलं आणि मग खिडकीत कोपर टेकलं.

आता गाडीत तिसरं माणूस कोण? मी!

डावं दार उघडून मी स्वतःला बाहेर लोटलं, ती थेट रस्त्याकडेच्या चरात. गुडघाभर बर्फाचं पाणी! तिथेच बसले, पुन्हा कानांत बोटं घातली आणि पुन्हा गाणं सुरू केलं. गाडीखालून मला ऑरिनचे दोन बूट तेवढे दिसत होते. बूट इकडे झुकले, तिकडे झुकले. एकदा टाच उचलून पुन्हा टेकली. एकदा तो गाडीच्या नाकापर्यंत आला आणि त्याचा उजवा पाय सरळ मिनेसोटात पडला! मी श्वास रोखला. पण चौऱ्याऐंशी पानांत एका पायाबद्दल एक ओळही नाही, हे मी शपथेवर सांगते. पाय परत गेला.

चर्चमधली गाणी संपली. मग शाळेतली झाली. मग रेडिओवरच्या बियाण्यांच्या जाहिराती म्हटल्या. माझे पाय आपले राहिले नव्हते आणि दात गाण्याच्या तालावर वाजत होते. आणि तरी सांगते, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. कारण खिडकीच्या काचेतून ऑरिनचा चेहरा मधूनमधून दिसायचा. आधी तो रडत होता. मग डोळे पुसत हातवारे करून काहीतरी सांगत होता. आणि मग, देवाशपथ सांगते, तो खो खो हसला!

एकूण त्रेपन्न मिनिटं!

शेवटी बूट वळले. ऑरिन गाडीला वळसा घालून माझ्याकडे आला. मी बोटं काढली. त्याने हात दिला आणि मला वर ओढलं.

"झालं?" मी कुडकुडत विचारलं.

"आजच्यापुरतं. पुढच्या गुरुवारी पुन्हा आहे."

"पुन्हा?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तू तर म्हणाला होतास, एकदाच!"

"एकदात कसं होईल? मी तर अजून निरोपच घेत होतो." त्याने स्वतःचा कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला. "आणि मंगळवारी दोन वाजताचीही वेळ धरून ठेवलीय."

"आठवड्यातून दोनदा? छान झालं की!"

"माझी नाही. तुझी."

"माझी?"

"ती पोरगी मधेच विचारत होती, हे गातंय कोण? म्हटलं, आमची मार्लिस आहे. काळजी नको, तिला काही ऐकू येत नाही. ती बर्फाच्या पाण्यात बसलीय, कानांत बोटं घालून." ऑरिन जरा घुटमळला. त्याला माझं मन दुखवायचं नव्हतं. "तिला तुझी फार काळजी वाटली. तेव्हाच बोलणार होती तुझ्याशी, पण तू मिनेसोटात होतीस. मग तिने विचारलं, हे असं कधीपासून आहे?"

"आणि तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं," ऑरिन म्हणाला. "शाळेपासून."

मंगळवारी मी बसले. नियम म्हणून बसले, दुसरं काही नाही! अकरा मिनिटं मी बाईंना सांगत होते की माझं सगळं उत्तम चाललंय, आणि मग मांड्यांवर हात आपटून उठले. बाई आता शहाण्या झाल्या होत्या.

"चला," त्या म्हणाल्या, "मला गाडीपर्यंत सोडा."

अंधार पडेपर्यंत आम्ही गाडीपाशीच होतो.