भिंतीवरची गाय

“पहिल्याच दिवशी बाळंतीण उठवून बसवलीय! आन् लेकरू बघा, अंगावर चिंधी न्हाई. कोण सुईण होती म्हणावं हिची?”

कडूबाई भिंतीवरच्या तसबिरीकडं बघून पुटपुटत होती. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातची, तेव्हा बोलायचा हक्क होता तिला.

साल बहात्तरचं, दुष्काळाचं. चकलांब्याजवळच्या त्या गावातल्या म्हाताऱ्या अजून त्याला ‘पावडरीचं वरीस’ म्हणतात. दूध सोसायटीच्या खोलीत दूध सोडून सगळं होतं. कॅन, मापं, चेअरमन. मिशनचे साहेब लेकरांसाठी दुधाची पावडर पाठवत. तिच्याच एका खोक्यात ही तसबीर आली. बारीक काळ्या रेघांचं जुनं छापचित्र. गोठा, गव्हाणीत बाळ, त्याची आई, गुराखी, गाय आणि गाढव.

“गोकुळ हाय हे,” चेअरमन माणिकरावांनी ठरवून टाकलं.

“मग गाढव कावून?” भिवराबाईनं विचारलं.

“गोकुळात कुंभार नव्हते व्हय?”

पटलं. देव कुणाचा ते सगळ्यांना थोडंफार ठाऊक होतं. पण ज्याच्या घरचं दूध प्यायचं, त्याची चौकशी कोण करतं?

कडूबाईला मात्र चैन पडेना. थंडीचे दिवस. तिनं जुन्या लुगड्याची कुंची शिवली आणि खिळ्याला अडकवून बाळावर सोडली. मग भिवराबाईनं बाळंतिणीला खण आणला, तो बाभळीच्या डिंकानं काचेवर डकवला. गाढव काही बरं दिसेना, म्हणून माणिकरावांनी त्याच्यावर हार सोडला. गुराखी कुंकवाखाली गेले. आठ दिवसांत तसबिरीत उघडी उरली ती एकटी गाय.

तेवढ्यात निरोप आला. साहेब स्वतः येतायत. ज्या गावात दूध निघतं, तिथली पावडर बंद.

“गाया विकल्या हे कुणी बोलायचं न्हाई,” माणिकरावांनी बजावलं. “दूध सोसायटी हाय ही. इज्जतीचा सवाल हाय.”

“आन् पावडर?”

“बघू.”

बजावायची गरजच नव्हती. विकलेल्या गाईचं नाव त्या वर्षी कुठल्याच घरात निघत नसे. माणिकरावांच्या गोठ्यात कपिलीची घंटा अजून खुंटीला तशीच होती.

साहेब आले. कुंची उचलून त्यांनी बाळ बघितलं.

“ही कुणी घातली?”

“मी,” कडूबाई म्हणाली. “उघडं लेकरू बघवंना.”

साहेबांनी कुंची हळूच परत सोडली.

“दूध किती निघतं, चेअरमन?”

“निघतं की… थोडंफार.”

“मग छान. पावडर पुढच्या गावाला देतो.”

तांबे घेऊन आलेल्या बाया खाली बघू लागल्या. माणिकराव टोपी सारखी करत राहिले. भिवराबाईच्या कडेवरचं पोर रिकामा तांब्या वाजवत होतं.

“थांबा, साहेब,” कडूबाई म्हणाली. “सोसायटीत गाय ही एकच. भिंतीवरची. बाकीच्या समद्या बाजारात गेल्या. चेअरमनची कपिली बी.”