दाता मोकळा होईना

सकाळचे नऊ वाजले तरी घड्याळजी संडासातून बाहेर आला नव्हता, आणि दाराशी त्याची बायको स्कूटरची किल्ली घेऊन ताटकळत उभी होती.

त्याच्या ताईला कर्करोग होता. शरीराची स्वतःचीच ताकद जागी करून रोगाशी लढवणारं औषध चारदा देऊन झालं, पण गाठ ढिम्म हलली नाही. मग डॉक्टरांनी एक प्रयोग सुचवला. निरोगी माणसाच्या शौचातले चांगले जिवाणू ताईच्या आतड्यात सोडायचे, म्हणजे कदाचित औषधाला जोर येईल. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. रोज व्यायाम करणारे भावोजी नापास झाले आणि दिवसभर दुकानात बसून घड्याळं उघडणारा हा धाकटा भाऊ पहिला आला. ताजा ऐवज अकराच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा होता, नाहीतर पुढची पाळी तीन आठवड्यांनी. ताईपाशी तेवढे दिवस आहेत का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि वर्षानुवर्षं साडेसहाला नेमानं साफ होणारं पोट आजच रुसलं होतं.

बायकोनं तीनदा गरम पाणी दिलं. आईनं फोनवरून पाय कसे ठेवायचे ते शिकवलं. भावोजी दर दहा मिनिटांनी प्रगती विचारत होते, ते शेवटी स्वतःच येऊन दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. बाहेर माणूस घसा खाकरत बसल्यावर आत कुणाचं काय होणार, एवढी साधी गोष्ट या शहाण्यांना कळत नव्हती.

"अजिबात ताण घेऊ नकोस," भावोजी म्हणाले. "फक्त दहा वाजून गेलेत, एवढं लक्षात ठेव."

तेवढ्यात आत घड्याळजीचा फोन वाजला. हॉस्पिटलातून ताई बोलत होती.

"राहू दे रे," ती थकल्या आवाजात म्हणाली. "मी डॉक्टरांना नको म्हणून सांगितलंय. तू जा, दुकान उघड."

घड्याळजीचं टाळकंच सटकलं. "तू कोण नको म्हणणारी? दोन महिने तुझ्यासाठी बेचव खातोय मी. तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" आणि एकदम त्यानं पोटावर हात ठेवला.

"ताई, फोन ठेव," तो घाईघाईनं म्हणाला.

अकराला पाच कमी असताना डबा पोचला. आता ताईची समजूत कशी घालायची, या धास्तीनं भावोजी धापा टाकत वॉर्डात शिरले. पण डॉक्टरांना तर ताईनं तसं काही सांगितलंच नव्हतं.

ताई उशीला टेकून शांत बसली होती.

"लहानपणापासून बघतेय," ती म्हणाली. "नको म्हटल्याशिवाय त्यानं आजवर एक काम केलेलं नाही."