फेअरडेलमधील एकवीस प्रेक्षणीय स्थळे

दोह्याच्या अल हिलाल भागात राहणाऱ्या आसावरीताईंना अमेरिकेतल्या फेअरडेल नावाच्या मध्यम आकाराच्या शहरी जायचे होते. कारण एकच. मुलगी नुपूर तिथे होती, तिला सातवा लागला होता आणि जावई जहाजावर होता. आईने मुलीच्या बाळंतपणाला जावे ही गोष्ट इतकी सरळ होती, की तिच्यासाठी सल्लागार नेमणे भागच होते.

वेस्ट बेच्या एका टॉवरमध्ये शफीकभाई व्हिसाचे अर्ज भरून देत. प्रवासाच्या उद्देशाच्या रकान्याशी येताच आसावरीताईंनी "लेकीचं बाळंतपण" असे हळू आवाजात सांगितले. शफीकभाईंनी दोन्ही कानांना हात लावले.

"मॅडम, बेटी का नाम मत लेना! समझेंगे, आप वापस ही नहीं आओगी. टुरिझम लिखते हैं. खलास."

"पर वहाँ देखने का क्या है?"

"वो मैं देता हूँ." त्यांनी नेटवरून एक कागद छापून दिला. फेअरडेलमध्ये करण्यासारख्या एकवीस गोष्टी. त्यात देशातले तिसऱ्या क्रमांकाचे मोठे पोलादी कणीस होते, बटणांचे संग्रहालय होते, लाकडी पुलावरून सूर्यास्त होता, आणि एकोणिसाव्या क्रमांकावर 'नुसते फिरणे' हेही होते.

अडचण वेगळीच होती. चातुर्मासात कुणी कांदा सोडतो, कुणी वांगे. आसावरीताईंनी या वर्षी खोटे बोलणे सोडले होते.

त्यांचे यजमान संजीवराव गॅस कंपनीत सेफ्टी इंजिनिअर. लेखी परवान्याशिवाय त्यांनी आजवर कुणाला शिडी चढू दिली नव्हती. त्यांनी तोडगा काढला. "हे बघ, एकवीसच्या एकवीस ठिकाणं तू खरंच बघायची. मग खोटं कुठे राहिलं? मधल्या वेळात लेकीकडे डोकव."

आसावरीताईंनी देवापुढे पळीभर पाणी सोडून तसा संकल्प केला. संकल्प म्हटल्यावर पाठांतर आलेच. रोज स्तोत्रानंतर माळ हाती घेऊन त्या यादी म्हणू लागल्या. पंधरा दिवसांत वेळा, अंतरे आणि साप्ताहिक सुट्ट्यांसह एकवीस स्थळे मुखोद्गत झाली. याच काळात नुपूरचे फोन येत. "आई, पाय सुजलेत गं." त्यावर संजीवराव मागून खूण करत, "आवर, तुझा चौदावा नंबर कच्चा आहे."

शेजारचा देवव्रत चार वेळा व्हिसाच्या मुलाखतीला जाऊन आलेला, म्हणून तज्ज्ञ. तो टाय लावून जेवणाच्या टेबलाशी अधिकारी होऊन बसला.

"देअर तुमचं कोण आहे?"

आसावरीताईंनी माळ ओढायला घेतली.

"काकू, मौनव्रत चालत नाही हो तिथे! 'नो वन' म्हणा."

"नाही रे म्हणवत. पोटची पोर आहे."

तेव्हा तिघांनी ठरवले, की अधिकाऱ्याला हा प्रश्न विचारायला फुरसतच द्यायची नाही. माहिती सलग द्यायची.

त्याप्रमाणे मुलाखतीच्या खिडकीशी आसावरीताईंनी श्वास न घेता सुरुवात केली. चौदाव्या स्थळाला अधिकाऱ्याने पेन खाली ठेवले.

"मॅडम, मी फेअरडेलमध्येच वाढलो. बटणांचं संग्रहालय आहे, हे मला आज कळतंय."

"सोमवारी बंद असतं," ताईंनी मऊ आवाजात सांगितले.

तो हसला. "तिथे काही बघायला कुणी येत नाही. येतात ते कुणाकडे तरी येतात. तुमचं कोण आहे?"

"लेक. आठवा संपत आलाय."

"मग हे का लिहिलं नाहीत? एवढंच पुरलं असतं." आणि उद्देश लपवल्याबद्दल नकाराचा कागद त्याने अतिशय सभ्यपणे खिडकीतून सरकवला.

बाहेर संजीवराव म्हणाले, "कांदा सोडायला काय झालं होतं?" शफीकभाई मात्र खचले नाहीत. "अगली बार चालीस जगह याद करेंगे, इन्शाल्ला."

पुढच्या वेळेपर्यंत बाळ थांबणार नव्हते. दोह्यातल्या मराठी मंडळाला मात्र बातमी लागली. अमेरिकेतल्या एका शहराची इतकी सखोल माहिती दोह्यात कुणालाच नव्हती; तिथे जाऊन आलेल्यांनाही नव्हती. 'फेअरडेल : काय पाहाल?' या विषयावर शुक्रवारी सकाळी आसावरीताईंचे व्याख्यान ठरले. नाही म्हणणे त्यांना जमले नाही. साठ माणसे वह्या घेऊन आली.

आठव्या स्थळाशी फोन थरथरला. ताईंनी चष्मा वर करून वाचले आणि तो तसाच कपाळावर ठेवून माइकमध्ये म्हणाल्या, "माझ्या नुपूरला मुलगी झाली. एकटी होती. नर्सनं हात धरला होता म्हणे."

टाळ्या झाल्या. रीतसर, भरपूर. मग तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला.

"अभिनंदन हं, ताई! ते आठव्या ठिकाणी पार्किंग मिळतं का?"

"मिळतं," ताई म्हणाल्या. खोटे बोलायचे नव्हते, म्हणून पुढे म्हणाल्या, "मागच्या बाजूला."

सत्तावीस जणांनी यादीची प्रत मागितली. एव्हाना तुम्हालाही ती हवी असेल. संकोच करू नका, ताई पाठवतील. मुलगी कुणासारखी दिसते, हे विचारणारे माणूस मात्र त्यांना अजून भेटायचे आहे.