आईच्या पेशी आईकडे

"उद्या बरोबर बारा वाजता या! श्वासनलिकेचं कडं तयार असेल. बांगडीसारखं गोल!" तंद्रीसाहेबांनी सर्जनबाईंना छातीठोकपणे सांगून टाकलं.

प्रयोगशाळेत त्यांना सगळे तंद्रीसाहेबच म्हणत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की बाजूचा चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची, तरी साहेब आपले पेशींच्या गावाला! पण या वेळी तंद्री परवडणार नव्हती. पेशींचा हा शेवटचा साठा होता. कडं जमलं नाही तर सर्जनबाई काम बंद करणार होत्या.

पेशी होत्या साहेबांच्या आईच्या. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये निघालेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली लवचीक गादी, तिनं रीतसर सही करून दिली होती. साहेबांनी तीन आठवडे त्या पेशी वाढवल्या आणि काल त्यांना लोखंडाचे अतिसूक्ष्म कण खाऊ घातले. आता पेशी बशीत ओतायच्या, खाली कड्यासारखा गोल चुंबक ठेवायचा, की त्या ओढल्या जाऊन गोल करून बसणार. इतकं सोपं!

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आई हजर.

"माझ्याच ना त्या? मग मला बघू दे की!"

साहेबांनी तिला गाऊन आणि टोपी चढवली, नुकत्याच भरलेल्या बशीवर झाकण ठेवलं आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आईनं पर्स बशीला खेटून ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्याकडे पाहू लागली. कवडशात धूळ तरंगावी तसे तपकिरी ठिपके संथ तरंगत होते.

"अगंबाई! कशा आहात गं?" आई म्हणाली.

आणि ठिपके हलले! हळूहळू, सगळेच्या सगळे, आईच्या दिशेनं निघाले. साहेबांच्या अंगावर काटा आला.

"आई, त्यांनी तुला ओळखलं!"

"ओळखणारच. साठ वर्षं एकत्र जिने चढलोय."

"तू जरा डावीकडे ये बघू!"

आई पर्स उचलून डावीकडे आली. थोड्या वेळानं ठिपकेही डावीकडे! साहेबांची तंद्री लागली. खोली, खिडकी, घड्याळ, सगळं विरघळलं. आपणही त्या कोमट पाण्यात तरंगतोय, कुणीतरी हाक मारतंय, घरी चला म्हणतंय...

"बारा वाजत आले रे!" आई म्हणाली. तिनं डोळे पुसायला पर्समधून रुमाल काढला आणि पर्स मिटली. टक्!

साहेब दचकले. "आई, ती पर्स कशानं मिटते?"

"लोहचुंबकानं. का रे?"

साहेबांनी पर्स अक्षरशः हिसकावून दाराबाहेर नेऊन ठेवली आणि घाईघाईनं गोल चुंबक बशीखाली सरकवला. पण पेशी एका कडेला गोळा झालेल्या! त्या चुंबकावर पसरल्या खऱ्या, पण पलीकडची बाजू मोकळीच राहिली. बांगडी कसली, घोड्याचा नाल!

तेवढ्यात सर्जनबाई आल्या. पडद्यावर वाकून तो नाल निरखू लागल्या.

"मॅडम, माफ करा, गोल पूर्ण झाला नाही..."

"अहो, पूर्ण कशाला हवाय? श्वासनलिकेची कडी मागून उघडीच असतात! अन्ननलिकेला जागा नको? तुम्ही बांगडी म्हणालात तेव्हाच मला काळजी वाटली होती. चालू ठेवा काम! फक्त हा आकार कसा आणलात, ते नोंदवहीत लिहा."

साहेबांनी लिहिलं, 'बाहेरचा अतिरिक्त चुंबक. स्रोत : घरगुती.'

सर्जनबाईंनी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "घरगुती म्हणजे? नीट लिहा. उद्या दुसऱ्या कुणाला हा प्रयोग करायचा झाला तर?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तो शब्द खोडला आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'आई.'